सरांची गिरण

चुकीच्या गावी जन्माला आलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण आमच्या साडूंइतक्या चुकीच्या गावी जन्माला आलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. ज्यानं उभा जन्म वाऱ्यावर उडणाऱ्या वाळूचा विचार केला, तो महाडात जन्मला, महाडात वाढला आणि महाडातच नोकरीला लागला. महाडात वाळू उडत नाही. आमच्याकडे जूनमध्ये जे ओलं होतं ते दिवाळीपर्यंत ओलंच राहतं. चपलांना बुरशी येते, मिठाचं पाणी होतं, कपाटातल्या लग्नाच्या कोटावर हिरवी लव धरते आणि भिंतीला पाठ टेकली तर भिंत थोडी शर्टाबरोबर घरी येते. नदी आहे, पण सावित्रीच्या काठची वाळू म्हणजे निम्मी वाळू आणि निम्मा गाळ. ती उचलायला फावडं लागतं, वाऱ्याचं ते काम नव्हे. अशा गावात बसून हे गृहस्थ वर्षानुवर्षं एकाच गोष्टीच्या मागे होते. वाऱ्यानं उचललेला वाळूचा कण हवेत असताना स्वतःभोवती गरगरत असतो, त्या गरगरण्यानं त्याच्या वाटेत काय फरक पडतो, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. महाडात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवायचे, म्हणून सगळं गाव त्यांना सर म्हणे, आणि मीही सरच म्हणत आलो. मी पोलादपूरला पंचायत समितीत कारकून. आमच्या दोघांच्या सासुरवाडीचं गाव कापडे. साडू म्हटला की मानपान, चढाओढ, कुणाच्या ताटात वाटी जास्त हे सगळं येतं असं मी ऐकून होतो. आमच्यात तसं काही झालं नाही, कारण चढाओढ करायची तर समोरच्याचं आपल्याकडे लक्ष असावं लागतं.

सरांचं लक्ष कुठं असे याचा पुरावा आमच्या लग्नाच्या फोटोत आहे. मंगल परिणय झाला, वऱ्हाडानं आमच्यावर फुलांच्या पाकळ्या उधळल्या. फोटोत सगळे आमच्याकडे बघून हसताहेत आणि मागच्या रांगेत एक उंच, वाळका माणूस मान वर करून पाकळ्यांकडे बघतो आहे. चेहरा असा की कुणीतरी त्याचं काही हिरावून नेलं आहे. जेवणाच्या पंगतीत मी ओळख करून घ्यायला गेलो तर म्हणाले, "पाकळी चपटी असते. तिच्यावरून काही सिद्ध होत नाही." हा त्यांचा मला दिलेला पहिला आशीर्वाद.

मुंबईत एम.एस्सी. करताना त्यांना हा नाद लागला. तिथल्या कुठल्याशा प्राध्यापकांबरोबर राजस्थानात जाऊन वाळवंटातल्या वाळूवर संशोधन करायचं ठरलं होतं, सामानही बांधलं होतं. तेवढ्यात इकडे वडिलांना अर्धांगवायू झाला. सर परत आले, वडिलांची शुश्रूषा करत राहिले, मिळाली ती नोकरी धरली. वडील पुढे पुष्कळ वर्षं अंथरुणावर होते. ते गेले तेव्हा ते प्राध्यापकही निवृत्त झाले होते आणि राजस्थान आणखी लांब गेलं होतं. हे सगळं मला ताईनं, म्हणजे माझ्या मेहुणीनं सांगितलं. सरांनी एवढंच सांगितलं होतं, की वाळवंटात पाऊस पडत नाही. ते वाक्य ते अशा सुरात म्हणत, जशी दुसरी माणसं "मुलगा अमेरिकेत आहे" म्हणतात.

मग वाळवंट त्यांनी घरीच करायला घेतलं. मधल्या खोलीत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, प्लायवूडची एक लांबलचक पेटी. तिच्या एका बाजूला जुन्या शोकेसची काच, तोंडाशी हॉटेलातला मोठा एक्झॉस्ट पंखा. तळाला वाळू पसरायची, पंखा लावायचा, काचेतून बघत बसायचं. वाळू दासगावच्या खाडीकाठची. ती पोत्यातून आणायची, पाणी नितळ होईपर्यंत धुवायची, चाळायची आणि आपल्या हवेत ती सुकत नाही म्हणून कढईत भाजायची. भाजायचं काम ताईकडे होतं. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. शाळेतून आली की पदर खोचून ती वाळू परतायला घ्यायची. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो, तर स्वयंपाकघरातून झाऱ्याचा खरखर आवाज येत होता. नवा जावई म्हणून मी कौतुकानं म्हटलं, "ताई, कशाला त्रास घेता, शिरा नसता तरी चाललं असतं." ताई न वळता म्हणाली, "हा शिरा तुमच्या साडूंचा. तुमचा मागाहून करते."

त्या पंख्याचा आवाज आळीच्या टोकापर्यंत जाई. म्हणून लोक त्या पेटीला सरांची गिरण म्हणू लागले. एकदा पलीकडच्या वाडीतली एक म्हातारी खरोखरच डोक्यावर तांदळाची पिशवी घेऊन दारात आली. मी ओट्यावर बसलो होतो.

"सर, गिरण चालू हाय ना? घावन्यांना पीठ पायजे. बारीक दळा हां."

"आजी, ही पिठाची गिरण नाय," सर तिच्याच बोलीत म्हणाले. तिला आत नेऊन त्यांनी काचेतून उडणारी वाळू दाखवली, कण कसा उडी मारतो, पडताना दुसऱ्याला कसा उडवतो, सगळं समजावलं. म्हातारीनं नीट बघितलं. बाहेर येऊन पिशवी परत डोक्यावर घेताना तिनं विचारलं, "मंग एवढा आवाज करून तुमी दळता तरी काय?"

"आयुष्य," आतून ताईचा आवाज आला.

सर हसले. ते असल्या बोलण्यानं कधी दुखावत नसत, किंवा दुखावलेले दिसत नसत. पण त्या दिवशी पंखा त्यांनी परत लावला नाही, हेही मला आठवतं.

एकदा टेनिस बॉलच्या क्रिकेट स्पर्धेला त्यांना बक्षीस समारंभासाठी बोलावलं. भाषणात त्यांनी सगळ्यांच्या खेळाचं कौतुक केलं आणि मग विचारलं, "पुढच्या अंगानं फिरत जाणारा चेंडू लवकर खाली का बसतो?" उत्तरही त्यांनीच दिलं. "कारण तो हवेला कापत पुढे जातो. आता समजा, चेंडूपेक्षा वाराच पुढे पळतोय आणि चेंडू मागे राहिलाय. म्हणजे त्याला वारा पाठीमागून लागतोय. तोच चेंडू, तीच गिरकी. आता त्याचा माथा वाऱ्याच्या दिशेनं फिरतोय, माथ्यावरची हवा झटकन निघून जाते, पोटाखालची अडखळते. काय होईल? तो वर उचलला जाईल. वाळूच्या कणाचं हेच होतं. कण कायम वाऱ्याच्या मागे असतो. जी गिरकी पुढच्याला खाली पाडते, तीच मागे राहिलेल्याला वर उचलते." मग संयोजकांनी टाळ्या वाजवल्या आणि चषक वाटले. हेच ते बारावीला नापास झालेल्या मुलांच्या घरी जाऊनही सांगत. मुलांच्या आयांना त्यातलं काही कळत नसे, पण सर आपल्या घरी आले, चहा घेतला, मुलाला ओरडले नाहीत, एवढ्यानं त्या डोळे पुसत.

मार्चमध्ये चवदार तळ्यावर गर्दी लोटते तेव्हा आमचं सगळं कुटुंब पाणी वाटायला असतं. सरही असत. त्या दिवसांत जमीन कोरडी ठणठणीत असते आणि एवढ्या पावलांखाली मैदानाची माती सैल होऊन वाऱ्यावर निघते. एकदा भर दुपारी सर पाण्याचा जग हातात घेऊन दिसेनासे झाले. शोधत गेलो तर मैदानाच्या कडेला हे उकिडवे बसलेले, गाल जवळजवळ जमिनीला लावलेला. भोवती नागपूरकडून आलेल्या बायाबापड्यांचा घोळका. एकीनं त्यांच्या हातातला जग काढून घेतला होता आणि त्यांचंच पाणी त्यांच्या तोंडाला लावत होती. "उन्हाचा त्रास झाला बाबाले," ती मला म्हणाली. सरांनी पाणी पिऊन तिला हात जोडले आणि मला हळूच म्हणाले, "खडे आहेत त्यात. खडे उड्या मारतायत." तो त्यांचा त्या वर्षीचा सगळ्यात आनंदाचा दिवस असावा.

त्यांना मूलबाळ नव्हतं. लोक त्यावरून ताईला बोलत, पेटीवरूनही बोलत, आणि कधीकधी दोन्ही एका वाक्यात बोलत. ताई ऐकून घ्यायची. पेटीचा तिला राग होता असं मी कित्येक वर्षं समजून चाललो होतो. तिच्या एका वाढदिवसाला सरांनी तिला महागातला मोबाइल आणला, त्याच्या कॅमेऱ्यात हालचाल अगदी संथ करून दिसायची. तो मोबाइल पेटीच्या काचेसमोर तिवईवर बसला तो बसलाच. ताईला फोन आला की ती तिवईपाशी वाकून बोलायची. त्या मोबाइलमुळे मात्र सरांचं काम पुढे सरकलं. जाड कणांना ते सुईच्या टोकानं अर्ध्या बाजूला काळा रंग लावत, म्हणजे काळं-पांढरं होताना कणाची गिरकी मोजता येई. त्यांचं म्हणणं होतं, की गिरकी धरली नाही तर हिशेबानं कण जितका उंच आणि लांब जायला हवा, त्यापेक्षा तो खरोखर जास्त जातो, आणि ही वाढ गिरकीची आहे.

निवृत्तीनंतर त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या ओळखीनं पुण्यातल्या एका परिषदेत त्यांना थोडा वेळ बोलायला मिळाला. मी सोबत गेलो. ताईनं त्यांच्यासाठी नवा सदरा शिवून घेतला होता. सर बोलले छान, शाळेत बोलायचे तसंच. टाळ्याही झाल्या. नंतर चहाच्या वेळी एक तरुण प्राध्यापिका आमच्याजवळ आल्या. बाई फार सभ्य. आधी त्यांनी सरांच्या पेटीबद्दल विचारलं, कण कसे रंगवले ते विचारलं, घरात एवढं केलंत याचं नवल केलं. मग जरा थांबून म्हणाल्या, "सर, हे तुम्हाला कुणी आधी सांगितलं नाही का? हे मोजलेलं आहे. परदेशात, बरंच आधी." त्यांनी लॅपटॉप उघडून दाखवलं. आलेख होते. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण सरांच्या हातात होता तो कागद आणि पडद्यावरचं चित्र यांत मला फरक दिसेना.

सर चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. "हे केलं तेव्हा मी काय करत होतो?" त्यांनी विचारलं.

बाईंनी साल सांगितलं. सरांनी मनाशी हिशेब केला. "तेव्हा मी शाळेत शिकत होतो," ते म्हणाले. मग विचारलं, "आणि त्यांची वाढ आणि माझी वाढ?"

"जवळपास सारखीच आहे, सर."

"छान," सर म्हणाले. त्यांनी बाईंचे आभार मानले, त्यांचा चहा थंड झाला म्हणून दुसरा आणून दिला. परतीला आम्ही एसटी धरली. वरंध घाट बंद होता म्हणून गाडी ताम्हिणीनं निघाली. सर खिडकीशी बसले होते. घाटात धुकं होतं, बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, तरी ते बाहेरच बघत होते. माणगाव आलं तेव्हा म्हणाले, "वाईट कशाचं वाटतं सांगू? त्यांना वाळू भाजावी लागली नसेल."

घरी पोचलो तर ताई दारातच उभी. "काय झालं?"

"बरोबर निघालं," सर म्हणाले. खोटं ते बोलले नाहीत. ताईनं हे ऐकून त्याच संध्याकाळी आळीत पेढे वाटले. मी एक पेढा हातात धरून उभा होतो आणि तो तोंडात घालायला माझा हात उचलत नव्हता.

त्यानंतर पेटीवर चादर आली. सर सकाळी फिरायला जात, वाचनालयात बसत, दुपारी झोपत. निवृत्त माणसानं जे जे करावं ते सगळं करत. आळी शांत झाली आणि शेजारी ताईला म्हणाले, सुटलात बाई. पण ताई दोनतीन आठवड्यांतच एकटी पोलादपूरला आमच्याकडे आली. चहाचा कप खाली ठेवून सरळ मला म्हणाली, "पुण्यात काय झालं ते मला सांगा. ते सांगायचे नाहीत." मी सांगितलं. तिनं डोळ्यांतून पाणी काढलं नाही. "म्हणजे मी पेढे वाटले तेव्हा ते काय म्हणत असतील मनात," एवढंच म्हणाली, आणि मिळाली त्या गाडीनं परत गेली.

पुढच्या रविवारी मी काही कामानं महाडला गेलो होतो. सर ओट्यावर पेपर वाचत होते. आतून भाजण्याचा वास आला. मग एकाएकी पंखा सुरू झाला. सरांनी पेपर खाली घेतला. आम्ही आत गेलो तर चादर बाजूला टाकलेली, ताई काचेपुढे पाटावर बसलेली. केसांवर वाळू, हातात झारा.

"जाड आहे ती," सर म्हणाले. "उडायची नाही."

"मग चाळून द्या."

"आता त्यात नवीन काही नाही गं. झालंय ते सगळं."

"तुमच्यासाठी झालंय," ताई म्हणाली. "मला कुठं कुणी दाखवलं? इतकी वर्षं भाजून दिली. उडते कशी ते कधी बघितलं नाही मी."

सर तसेच उभे राहिले. मला वाटतं, त्यांना ते खरं आहे का हे आठवून बघावं लागत होतं. म्हातारीला त्यांनी दाखवलं होतं, मला दाखवलं होतं, वीज कंपनीच्या माणसालासुद्धा दाखवलं होतं. मग त्यांनी चाळणी घेतली.

त्या दिवसापासून ती दोघं जोडीनं पेटीपुढे बसू लागली. सरांना एका डोळ्यानं कमी दिसू लागलं होतं, तर ताई बघायची आणि सांगायची. तिची सांगायची पद्धत शाळेतली. "हा गेला. हा पडला. हा आळशी आहे, जागचा हलत नाही." एकदा म्हणाली, "अहो, हे दोघं हवेतच एकमेकांवर आपटले. मग त्यांच्या गिरकीचं काय झालं?" सरांनी मोबाइलवरचं चित्रण मागे-पुढे करून पुन्हा पुन्हा पाहिलं. हवेतल्या टकरीचा त्यांनी विचारच केला नव्हता. त्यांनी पुण्याच्या बाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, यावर काम चालू आहे, पण अजून पुरतं हाती लागलेलं नाही. फोन ठेवून सर आम्हाला म्हणाले, "म्हणजे जागा आहे." निवृत्त माणसाला एवढं तरुण झालेलं मी पाहिलं नव्हतं. त्या वर्षी ताई आमच्याकडे आली की तिच्याही बोलण्यात कण, टक्कर, गिरकी असे शब्द येऊ लागले. माझी बायको मला म्हणाली, "आता ही पण गेली."

मग पूर आला. महाडला पूर नवा नाही, पण त्या वर्षीचं पाणी जुन्या माणसांनीही पाहिलेलं नव्हतं. उजाडता उजाडता आळीत शिरलं आणि बघता बघता खिडक्यांपर्यंत चढलं. सर आणि ताई समोरच्या घराच्या माडीवर गेली. आळीतली बरीच माणसं तिथं जमली होती. पुढचं मला त्या घरच्या बाईंनी सांगितलं. दुपारी पोरं भुकेजली तेव्हा त्यांनी विचारलं, कुणी काही आणलंय का. सरांनी ताईची शालींची ट्रंक आणली होती. ताईच्या पायाशी दोन पत्र्याचे डबे होते. बाईंना वाटलं पीठ आहे. उघडले तर वाळू. बारीक एका डब्यात, जाड एका डब्यात, चाळून भाजलेली. सगळे बघत राहिले. ताई ओशाळून म्हणाली, "घाईत हाताला लागले ते उचलले." पण ते डबे मी पाहिले होते. ते मधल्या खोलीत सगळ्यात वरच्या फळीवर असत, आणि खाली काढायला स्टूल घ्यावं लागे.

पाणी ओसरल्यावर गुडघाभर चिखल राहिला. पेटीचं प्लायवूड फुगून फुटलं होतं, काच कुठं गेली कळलं नाही, पंख्यात गाळ भरला होता. दोघं आठवडाभर चिखल उपसत होती. आम्हीही जात होतो. ताईला ताप आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, श्रमाचा आहे. तिलाही तसंच वाटलं. उठून ती भांडी घासत राहिली. मग डोळे पिवळे झाले. चिखलातून येणारा तो ताप होता, लेप्टो म्हणतात तो. दवाखान्यात हलवलं, तिथून मुंबईला न्यायचं ठरलं. गाडी यायच्या आधीच ती गेली. सर तिच्या उशाशी बसून तिला वारा घालत होते, कारण वीज नव्हती. डॉक्टरांनी सांगितल्यावरही ते काही वेळ वारा घालतच होते.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले. आणि मग ऑक्टोबरचं ऊन पडलं. साऱ्या गावातला चिखल वाळला, रस्त्यावरून ट्रक जाऊ लागले आणि महाडभर धूळ उठली. दिवसभर धूळ, घरात धूळ, डोळ्यांत धूळ. माणसं तोंडाला फडकी बांधून हिंडत होती. मी सरांकडे गेलो तर त्यांनी खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबल्या होत्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "सर, बाहेर बघितलंत का? सगळं उडतंय." त्यांनी दार किलकिलं करून पाहिलं. "हा गाळ आहे," ते म्हणाले. "फार बारीक. हा नुसता तरंगतो. उडी मारायला अंगात वजन लागतं." आणि दार लावून घेतलं. फुटकी पेटी त्यांनी भंगारवाल्याला दिली होती. आम्ही त्यांना पोलादपूरला येऊन राहा म्हणून पुष्कळ सांगितलं. ते नाही म्हणाले नाहीत आणि आलेही नाहीत.

हिवाळा सरता सरता कापड्याहून मेव्हण्यानं नेहमीप्रमाणे दोन्ही घरी वाल पाठवले. भात काढल्यावर त्याच शेतात आमच्याकडे वाल लावतात, ते दरवर्षी येतात. त्या रविवारी सरांचा फोन आला. मी घरी नव्हतो, बायकोनं उचलला. पलीकडून कुणी बोलेना. तिनं दोनदा हॅलो म्हटलं. दोघी बहिणींचा आवाज फोनवर इतका सारखा येई, की कधीकधी मीसुद्धा फसत असे. शेवटी सर म्हणाले, "बिरड्याला वाल किती वेळ भिजवायचे?" बायकोनं सांगितलं, की रात्रभर भिजवायचे, सकाळी उपसून फडक्यात बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून सोलायचे, आणि फोडणीला खोबरं सढळ हातानं घालायचं. "बरं," म्हणाले आणि ठेवला.

पुढच्या रविवारी पुन्हा फोन. वाल किती वेळ भिजवायचे? त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. आता उन्हाळा संपत आला आहे, त्यांच्याकडचे वाल केव्हाच संपले असतील, तरी फोन येतो. आमच्याकडे त्याबद्दल कुणी काही बोलत नाही. दुपारच्या जेवणाआधी बायको हातातलं काम ठेवते, पदराला हात पुसते, फोनजवळ येऊन बसते आणि वाल भिजवण्यापासून खोबऱ्यापर्यंत सगळं सावकाश सांगते.

मागच्या रविवारी तिचा घसा बसला होता. आवाज फुटत नव्हता, म्हणून फोन मी उचलला.

"ती बोलू शकत नाही आज, सर," मी म्हटलं. "घसा धरलाय. मला पाठ आहे, मी सांगतो. रात्रभर भिजवायचे..."

"नको," सर म्हणाले. "तिचा घसा बरा होऊ दे. वाल काय, थांबतील."